टेकडी राखायची तर तिच्यासाठी पैसा बाजूला काढा

पुण्याच्या टेकड्यांवर पहाटेपासून माणसे चढू लागतात. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वती. कुठेही जा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, हळूहळू चढणारे आजी-आजोबा आणि नवरंगाची शीळ ऐकायला थांबलेले पक्षीनिरीक्षक एकाच पायवाटेवर भेटतात. इथे तिकीट नाही, वर्गणी नाही. ज्याच्या खोलीला धड खिडकी नाही, त्याच्याही हक्काचे हे मोकळे रान आहे. ते टिकवायचे असेल, तर आता प्रेमासोबत पैशांचीही भाषा बोलावी लागेल.

१९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन ‘जैववैविध्य उद्यान’ म्हणजे बीडीपी म्हणून राखीव झाली. त्यासाठी नागरिक आणि अभ्यासक वर्षानुवर्षे झगडले. २०१५ साली राज्य सरकारने बांधकामाला परवानगी न देता जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याचे ठरवले. हा मोठा विजय होता, पण तो अर्धाच. आरक्षण पडले म्हणून जमीन लोकांच्या मालकीची होत नाही. ती ताब्यात घ्यावी लागते, आणि त्यासाठी मोबदला मोजावा लागतो.

ज्यांच्या सातबाऱ्यावर हे आरक्षण आहे, त्यांची बाजूही ऐका. शंभर चौरस मीटर जमीन द्यायची आणि बदल्यात आठ चौरस मीटर बांधकामाचा हक्क घ्यायचा, हा व्यवहार त्यांना परवडत नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली, तर शहरी भागात बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. त्यामुळे मालक टीडीआर घेत नाही आणि महापालिका रोख देत नाही. जमीन अशी अडकून पडली की ती गुंठ्यागुंठ्याने विकली जाते. आधी पत्र्याची शेड उभी राहते, मग स्लॅब पडतो, आणि काही वर्षांनी ‘आता घरे झालीच आहेत, आरक्षण उठवा’ अशी मागणी होते. टेकडीप्रेमी आणि जमीनमालक एकमेकांचे शत्रू नाहीत. दोघांचीही अडचण एकच आहे: मोबदल्यासाठी राखून ठेवलेला पुरेसा पैसा नाही.

हा खर्च केवळ फिरायला जाणाऱ्यांच्या हौसेसाठी नाही. टेकडीवरचे गवत आणि झाडोरा पावसाचा वेग अडवतो, आणि पाणी बेसाल्टच्या भेगांतून हळूहळू जमिनीत मुरते. त्याच उतारावर काँक्रीट आले की पाणी थेट ओढ्यात धावते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा कसा कोपला, हे पुणे विसरलेले नाही. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. वरचे उतार मोकळे ठेवणे हा खालच्या वस्त्यांच्या सुरक्षिततेवरचा खर्च आहे.

पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर इतरांनी शोधले आहे. अमेरिकेने १९६४ साली कायदा करून जमीन आणि जलसंधारणाचा स्वतंत्र निधी उभारला. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्खननातून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नातला वाटा त्यात जातो. राष्ट्रीय उद्यानांपासून गल्लीतल्या मैदानांपर्यंत अनेक जागा या पैशातून राखल्या गेल्या. तिथेही बहुतेक वर्षी ठरलेली रक्कम पुरती मिळत नसे. लोकांनी रेटा सोडला नाही, म्हणून वर्षाला ९० कोटी डॉलर देणे २०२०च्या कायद्याने बंधनकारक झाले. निसर्गातून कमावलेल्या पैशाचा काही भाग निसर्गासाठीच ठेवायचा, हे तत्त्व पुण्यालाही लागू आहे. इथे बांधकाम परवानग्यांच्या शुल्कातून महापालिकेला मोठे उत्पन्न मिळते. त्याचा ठरावीक हिस्सा टेकड्यांसाठी का ठेवू नये? २०२५-२६चे महापालिकेचे अंदाजपत्रक बारा हजार कोटींहून मोठे होते. प्रश्न ऐपतीचा नाही, प्राधान्याचा आहे.

म्हणून आपण तीन मागण्या लावून धरू. एक, अंदाजपत्रकात दुसरीकडे वळवता न येणारा स्वतंत्र टेकडी निधी हवा आणि त्यात राज्य सरकारचाही वाटा हवा. दोन, मालकाला न्याय्य आणि वेळेत मोबदला मिळावा. तीव्र उतारांच्या आणि ओढ्यांच्या उगमाजवळच्या जमिनी आधी ताब्यात घ्याव्यात. तीन, किती जमीन घेतली आणि किती पैसा खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर मांडावा.

२०२३ साली बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांच्या विरोधात पुणेकर वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरले होते. तीच ताकद आता अंदाजपत्रकाच्या दारात उभी करू. आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला पत्र लिहा. सोसायटीच्या सभेत ठराव करा आणि तो महापालिका आयुक्तांकडे पाठवा. टेकडीवर रोज भेटणाऱ्या दहा जणांच्या सह्या घ्या. जमीनमालकांनाही सोबत घ्या. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: टेकडीसाठी किती रुपयांची तरतूद करणार? आकडा मिळेपर्यंत त्याला सोडू नका.