घरच्या सर्व्हरला हवा कायमचा पत्ता

२०२५ सालच्या उत्तरार्धात, अवघ्या पाच महिन्यांत तीन घटना घडल्या. जुलै महिन्यात गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या ई-मेलसह अन्य कार्यालयीन सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. युरोपीय संघाने लादलेले निर्बंध हे त्यामागचे कारण होते. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. २० ऑक्टोबर रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील एका केंद्रात बिघाड झाला आणि जगभरातील असंख्य संकेतस्थळे व ॲप ठप्प झाली. १८ नोव्हेंबर रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेतील दोषामुळे तोच प्रकार पुन्हा घडला.

तिन्ही घटनांची कारणे वेगवेगळी होती. त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र एकच आहे. कोणा एकाच्या मालकीचे नसलेले जाळे म्हणून उभे राहिलेले इंटरनेट आज मोजक्या कंपन्यांच्या यंत्रांवर विसावले आहे. त्यामुळेच आपली पत्रे, छायाचित्रे आणि दस्तऐवज आपल्याच घरातील किंवा संस्थेतील सर्व्हरवर ठेवण्याचा विचार हा आता केवळ हौशी तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. महानगरांबाहेरच्या भारतात हा विचार कितपत व्यवहार्य आहे, हे जबलपूरसारख्या शहराकडे पाहून अधिक स्पष्टपणे समजते.

दळणवळणाचे जुने केंद्र

जबलपूर आणि दळणवळण यांचा संबंध जुना आहे. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि कोलकात्याहून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग याच शहरात जोडले गेले. देशाचे पश्चिम व पूर्व किनारे प्रथमच लोहमार्गाने एकमेकांशी जोडले गेले ते येथे. १९४२ साली शहरात दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था या नावाने ते आज भारत संचार निगमच्या अखत्यारीत चालते. २००५ साली माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व उत्पादन या विषयांना वाहिलेली केंद्रीय शिक्षणसंस्थाही येथे स्थापन झाली.

याचा अर्थ असा की, सर्व्हर चालविण्यास लागणारे ज्ञान या शहराला परके नाही. साधनेही आवाक्यात आहेत. २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकासारखी यंत्रे एका कुटुंबाच्या गरजांना पुरेशी ठरतात. पाच वॅट वीज घेणारे यंत्र वर्षभर अहोरात्र चालू ठेवले, तरी वर्षाला सुमारे ४४ युनिट वीज खर्च होते. छायाचित्रे व दस्तऐवज साठविण्यासाठी नेक्स्टक्लाउड, संदेशवहनासाठी मॅट्रिक्स, तर अनेक सेवा एकत्र हाताळण्यासाठी फ्रीडमबॉक्स अशा मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. संकेतस्थळाची सुरक्षितता सिद्ध करणारे प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावे लागे. लेट्स एन्क्रिप्ट या उपक्रमामुळे २०१५ च्या अखेरीपासून तेही मोफत मिळू लागले.

जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील तरुण पुणे, नागपूर किंवा परदेशी स्थायिक झाले, की घरातील छायाचित्रे व कागदपत्रे दोन्हीकडे उपलब्ध असणे ही गरज होऊन बसते. घरच्या सर्व्हरने ही गरज भागू शकते. मग असे सर्व्हर घरोघरी का दिसत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

पत्त्याची टंचाई

या प्रश्नाचे पहिले उत्तर पत्त्यात दडले आहे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जागतिक पातळीवरील त्यांचा मुक्त साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्यानंतर सेवा पुरवठादारांनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर अवलंबिली. या पद्धतीत ग्राहकाला बाहेरच्या संकेतस्थळावर जाता येते. बाहेरून कोणाला त्याच्या घरातील यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही. मोठ्या इमारतीचा पत्ता ठाऊक असावा, पण खोलीचा क्रमांक कोणालाच सांगितलेला नसावा, तशी ही अवस्था आहे. कायमचा स्वतंत्र पत्ता हवा असेल, तर बहुधा जादा शुल्क मोजावे लागते.

सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांनी ही टंचाई तत्त्वतः संपविली आहे. हे पत्ते प्रत्येक घरातील प्रत्येक यंत्राला पुरून उरतील इतके आहेत. त्यांच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याने आरंभापासूनच या पद्धतीवर भर दिल्याचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही घरगुती सर्व्हरची वाट पूर्ण मोकळी झालेली नाही. ग्राहकाला मिळणारा पत्ता वरचेवर बदलतो, घरातील राउटर बाहेरून येणारी जोडणी अडवितो आणि ज्या जाळ्यावर अजून जुनीच पद्धत चालते, तेथून नव्या पत्त्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही.

यावर उपाय म्हणून अनेक जण एखाद्या मोठ्या कंपनीच्या मध्यस्थीने घरच्या सर्व्हरपर्यंत वाट काढतात. क्लाउडफ्लेअरही अशी सेवा देते. परंतु मोठ्या कंपन्यांवरील अवलंबित्व टाळण्यासाठी उभारलेला सर्व्हर अशा वेळी त्यांच्यापैकीच एकीवर अवलंबून राहतो. १८ नोव्हेंबरसारख्या दिवशी जबलपूरमधील यंत्र व्यवस्थित चालू असूनही पुण्यातील मुलाला ते बंदच दिसावे, ही यातील विसंगती आहे.

टपालाची पत

दुसरी अडचण ई-मेलची आहे. ई-मेलची मूळ रचना संपूर्ण विकेंद्रित होती. १९८२ साली निश्चित झालेल्या नियमावलीनुसार कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरला थेट पत्र धाडू शकत असे. नकोशा जाहिराती आणि फसवणुकीची पत्रे वाढल्यावर मोठ्या सेवांनी अनोळखी सर्व्हरकडे संशयाने पाहण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी पत्र पाठविणाऱ्यांसाठी ओळख सिद्ध करण्याचे नियम आणखी कडक केले.

या नियमांमागील हेतू रास्त आहे. परिणाम मात्र असा होतो की, घरगुती जोडणीवरून पाठविलेले पत्र पुष्कळदा स्वीकारलेच जात नाही किंवा थेट नकोशा पत्रांच्या कप्प्यात जाऊन पडते. नियम पाळूनही नव्या सर्व्हरला आपली पत निर्माण करण्यास बराच काळ लागतो. त्यामुळे स्वतःचा सर्व्हर चालविणारे अनुभवी लोकही ई-मेल वगळून इतर सेवा घरी आणण्याचा सल्ला देतात.

समाजमाध्यमांच्या क्षेत्रात उलट दिशेने प्रवास सुरू आहे. स्वतंत्र सर्व्हरांना एकमेकांशी संवाद साधता यावा यासाठी ॲक्टिव्हिटीपब ही नियमावली जानेवारी २०१८ मध्ये अधिकृतपणे मान्य झाली. मॅस्टोडॉन तिच्या आधारे चालते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आल्यानंतर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनची वाट धरली होती. त्यांपैकी बरेच जण काही काळाने परतले. आप्तस्वकीय व परिचित जेथे असतात तेथेच माणूस राहतो, हे त्यातून पुन्हा दिसून आले.

कायद्याची चौकट

तिसरा मुद्दा कायद्याचा आहे आणि त्यालाही जबलपूरचा संदर्भ आहे. आणीबाणीच्या काळात स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकांचा अधिकार नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा २८ एप्रिल १९७६ चा निकाल 'एडीएम जबलपूर' या नावानेच ओळखला जातो. पाचपैकी एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी त्याविरुद्ध मत नोंदविले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले, तेव्हा जबलपूर खटल्याचा तो निकालही चुकीचा ठरविण्यात आला. १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल स्पष्ट शब्दांत फेटाळणारे निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

खासगीपणाच्या या अधिकाराला व्यवहारात कोणते रूप मिळते, हे पुढील नियमांवरून ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने वैयक्तिक अथवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती वगळलेली आहे. म्हणजे कुटुंबापुरता सर्व्हर चालविणाऱ्यावर या कायद्याचा बोजा पडत नाही. मात्र घराऐवजी भाड्याच्या सर्व्हरचा आसरा घेतल्यास चित्र बदलते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता व वापराचे कारण यांची नोंद पाच वर्षे जपून ठेवावी लागते. सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी ही तरतूद आवश्यक असल्याची सरकारची भूमिका आहे. अनेक व्हीपीएन कंपन्यांनी मात्र त्यानंतर भारतातील आपले सर्व्हर हलविले.

विकेंद्रित सेवांना प्रचलित चौकटीत बसविणे किती कठीण आहे, हे मे २०२३ मध्ये दिसले. जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी वापर करीत असल्याच्या कारणावरून केंद्राने १४ संदेशवहन ॲपवर बंदी घातली. त्यांत एलिमेंट व ब्रायर यांचाही समावेश होता. एलिमेंट हे मॅट्रिक्स जाळ्यात प्रवेश करण्याचे अनेक मार्गांपैकी एक असून, त्यामागील सर्व्हर कोणा एका कंपनीचे नसतात. ब्रायरला तर मध्यवर्ती सर्व्हरच नाही. सुरक्षायंत्रणांची चिंता निराधार म्हणता येत नाही. परंतु एका ॲपवरील बंदीने असे जाळे थांबत नाही, त्याचा प्रामाणिक वापर करणाऱ्यांची मात्र अडचण होते.

मर्यादांचेही भान हवे

घरचा सर्व्हर म्हणजे सर्व प्रश्नांवरील रामबाण उपाय, असे मानणे चुकीचे ठरेल. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधातील आंदोलनाच्या काळात जबलपुरात इंटरनेट सेवा तात्पुरती बंद ठेवण्यात आली होती. अशा वेळी घरातील यंत्र घरापुरते चालते. बाहेरच्या जगाला ते दिसत नाही. सेवाबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले. या बाबतीत नागरिकाचे संरक्षण यंत्र नव्हे, तर न्यायालयच करू शकते.

सुरक्षिततेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. २०१६ साली मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले घरगुती कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या साह्याने मोठमोठी संकेतस्थळे पाडली. दुर्लक्षित सर्व्हर हा मालकालाच नव्हे, तर इतरांनाही धोका असतो. नियमित अद्ययावतीकरण आणि दुसऱ्या जागी ठेवलेली माहितीची प्रत यांना पर्याय नाही. हे काम प्रत्येक कुटुंब करील, अशी अपेक्षा बाळगणे व्यवहार्य नाही.

संस्थांचा मधला मार्ग

म्हणूनच घर आणि महाकाय कंपनी यांच्यामधील पायरी महत्त्वाची ठरते. ग्रंथालय, महाविद्यालय, वकिलांची संघटना, सहकारी पतसंस्था किंवा मराठी मंडळ आपल्या सभासदांसाठी सर्व्हर चालवू शकते. अशी उदाहरणे नवी नाहीत. हैदराबादच्या 'स्वेच्छा' या संस्थेने ग्रामीण भागात फ्रीडमबॉक्सचा वापर करून पाहिला आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२५ मध्ये आपल्या प्रशासनाच्या सुमारे ४० हजार ई-मेल पेट्या मायक्रोसॉफ्टकडून मुक्त प्रणालींवर हलविल्या.

मराठी वाचकांच्या ओळखीचे उदाहरण 'मायबोली'चे आहे. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९९६ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ स्वतंत्रपणे चालत आले आहे. याच काळात जिओसिटीज २००९ मध्ये, ऑर्कुट २०१४ मध्ये आणि गुगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले. त्यांवर मराठीत झालेले पुष्कळसे लेखन व संवाद त्यांच्याबरोबरच लुप्त झाले. लिहिणारे तेथे भाडेकरू होते आणि घर पाडण्याचा निर्णय मालकाचा होता.

प्रत्येकाने सर्व्हर चालवावा, असा आग्रह धरण्याची आवश्यकता नाही. ज्याला चालवायचा आहे त्याला तो चालविता यावा आणि सेवा बदलताना आपला पत्ता व माहिती सोबत नेता यावी, एवढे मात्र सुनिश्चित झाले पाहिजे. त्यासाठी लागणारी पावले अवाढव्य नाहीत. मागणी करणाऱ्या ग्राहकाला सहाव्या आवृत्तीचा कायमचा पत्ता माफक दरात देणे, बाहेरून येणारी जोडणी स्वीकारण्याची मुभा त्याच्या हाती ठेवणे, स्वतःचे डोमेन नाव घेण्यास उत्तेजन देणे आणि शासकीय खरेदीत खुल्या नियमावलींचा आग्रह धरणे, ही ती पावले होत. २०१४ पासून देवनागरी लिपीत 'डॉट भारत' डोमेन नावेही उपलब्ध आहेत. सर्व्हर सांभाळणारे मनुष्यबळ घडविण्याचे काम जबलपूरची दूरसंचार प्रशिक्षण संस्था आणि तिच्यासारख्या अन्य संस्था करू शकतात.

१८७० मध्ये जबलपुरात दोन वेगळ्या कंपन्यांचे लोहमार्ग जोडले गेले ते दोघांच्या रुळांमधील अंतर समान होते म्हणून. प्रवासी एकाच कंपनीचा बांधील राहिला नाही. इंटरनेटही अशाच समान नियमांवर उभे राहिले. ते नियम जपले गेले तर जबलपूरमधील एका घरातील लहानसे यंत्रही त्या जाळ्याचे समान हक्काचे स्थानक राहील. अन्यथा तेथील नागरिक या जाळ्यावर केवळ ग्राहक म्हणून उरेल आणि त्याच्या पत्रांची किल्ली दूरच्या कोणाच्या तरी हाती राहील.