अकरावा प्रश्न

2020 चा मे महिना. रमजान चालू होता. मशिदी बंद होत्या, तरावीह घरातच पढत होतो. माझी बी.एड.ची एक मैत्रीण तेव्हा संशोधन करत होती. तिने मोबाईलवर एक प्रश्नावली पाठवली आणि म्हणाली, "तुझ्या मोहल्ल्यातल्या दहा-बारा पालकांकडून भरून घे ना."

प्रश्नावली जगप्रसिद्ध होती. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ती अमेरिकेत तयार केली. मूळचे 14 प्रश्न पुढे 10 वर आले. गेल्या महिन्याभरात अमुक भावना किती वेळा आली, एवढंच विचारायचं. 'कधीच नाही'ला 0, 'फार वेळा'ला 4. सहा प्रश्न त्रासाचे आणि चार धीराचे. धीराच्या प्रश्नांचे गुण उलटे मोजायचे. बेरीज 40 पैकी. जितके गुण जास्त, तितका ताण जास्त. कोरोनाच्या काळात जगभर ती वापरली गेली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून भाषांतर माझ्याकडेच आलं. एका प्रश्नावर गाडी अडली. आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी आपल्या ताब्यात राहिल्या नाहीत असं किती वेळा वाटलं, हा तो प्रश्न. मराठीत 'हाताबाहेर' म्हटलं की बिघडलेलं पोर नाहीतर गंभीर झालेला पेशंट आठवतो. शेवटी मी आमच्या बोलीत 'काबू' शब्द घेतला.

आमच्या गल्लीतल्या एका विद्यार्थिनीची आई दारात उभी होती. नवरा पुण्याला बांधकामावर अडकलेला. घरातला एकच मोबाईल त्याच्याजवळ. मुलगी दहावीला. तिचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. मी प्रश्न वाचला. ती हसली. "काबू में था कब, बाजी?" आणि म्हणाली, लिहा, कधीच नाही.

तिची बेरीज झाली 11. रात्री मी स्वतः प्रश्नावली भरली, माझी आली 29. माझा पगार चालू होता, नवरा घरात होता, डब्यात पीठ होतं. कागदावर मात्र मी तिच्या जवळपास तिप्पट तणावात. "नींद कहाँ आती, बाजी," असं ती जाता जाता म्हणाली होती. पण झोपेसाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

यात प्रश्नावलीचा दोष काढायचा नाही. ती निदान करत नाही, माणसाला काय वाटतं तेवढंच मोजते. पण वाटणं सवयीवर अवलंबून असतं. ज्याच्या हातात काही होतं, त्याला ते निसटल्याचं कळतं. ज्याच्या हातात कधी काही दिलंच नाही, तो शून्यावर खूण करतो. आपण त्या शून्याला खंबीरपणा म्हणतो आणि मोकळे होतो.

दुसरी अडचण अशी की ताबा सुटल्याचं वाटणं हा प्रत्येक वेळी मनाचा खेळ नसतो. त्याच 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून निघून ते भुसावळच्या दिशेने चालले होते, तिथून मध्य प्रदेशात घरी जायला गाडी मिळेल या आशेने. त्यांच्या ताब्यात तेव्हा फक्त स्वतःचे पाय उरले होते. त्यांना कुणी 'ताणाचं व्यवस्थापन' शिकवायला हवं होतं का? त्यांना गाडी हवी होती.

आमच्या मोहल्ल्यात आणखी एक भीती होती. निजामुद्दीनच्या जमातीची बातमी आल्यापासून भाजीवाल्याला आधी नाव विचारलं जायचं, मग भाव. 21 ऑगस्ट 2020 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडलं गेल्याची शक्यताही नोंदवली. पण तोवर भाजीवाल्याचा हंगाम गेला होता. त्याच्या ताणाचं कारण त्याच्या डोक्यात नव्हतं, रस्त्यावर होतं.

अमेरिकेतल्या डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी केलेला एक जुना प्रयोग मला फार शिकवून गेला. लोकांना कर्कश आवाज ऐकवत काम दिलं. काहींच्या हाताशी एक बटण ठेवलं. आवाज बंद करता येईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. बटण असणाऱ्यांनी बहुतेक ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात ते बटण नसणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. आवाज तोच होता. फरक फक्त बटण असण्याचा होता.

आपल्याकडे मोजणं चालू आहे. 2015 साली राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात परभणीही आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाची लक्षणं ओळखायची, अशी ती योजना. बेंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, ती 12 राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणून आशाताईचं दारात येणं मला मोलाचं वाटतं. ऑनलाइन प्रश्नावली ज्याच्याकडे मोबाईल आहे त्यालाच गाठते.

पण दारात येणाऱ्याच्या हातात नुसता कागद नको. सोयाबीनचा भाव आपण ठरवत नाही. 2022 मध्ये युद्ध युक्रेनमध्ये पेटलं आणि इथे गोडेतेल महागलं. पुढचं संकटही असंच न विचारता येईल. तेव्हा दहा प्रश्नांनंतर अकरावा विचारावा. कोणती एक गोष्ट हातात आली तर आज झोप लागेल? आणि उत्तर लिहून न थांबता त्यातलं जमेल तेवढं करावं. बँकेत सोबत जाणं, अर्ज भरून देणं, परीक्षेची तारीख वेळेवर कळवणं. हीच ती बटणं आहेत.

आमच्यात कुणी म्हणेल, सगळं अल्लाहच्या हाती, मग ताबा कसला? पण तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणं नव्हे. आपल्या हातातला दोर आपण बांधायचा असतो. आणि ज्याच्या हातात दोरच नाही, त्याला तो देणं शेजाऱ्याचं काम आहे.

त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी अकरावा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "उनका फोन रोज एक टाइम को आना, बस." मग रोज रात्री आठ वाजता माझा मोबाईल तिच्या घरी जायचा. ईदलाही गेला. जूनमध्ये तिचा नवरा परत आला. प्रश्नावली मी तिच्याकडून पुन्हा भरून घेतली नाही. भरून घेतली असती तर कदाचित गुण वाढलेच असते. कारण एकदा फोन चुकला, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली होती. मला ते चिडणं बरं वाटलं. निसटू शकेल असं काहीतरी आता तिच्या हातात होतं.