परदेशी मालक, घरचा कर

घरबसला कामगार सोलापूरला नवा नाही. येथील हजारो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळीत आल्या. त्या आपल्या कामगारच नव्हेत, असे कारखानदार म्हणत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी राबणाऱ्यांनाही कामगार ठरविले.

आज याच शहरात संगणकापुढे बसून अमेरिकेतील कंपनीचे काम करणारा तरुण त्याच जागी उभा आहे. करारात तो ‘कंत्राटदार’ असतो. पैसे डॉलरच्या हिशेबाने, कापून न घेता हाती पडतात. त्यामुळे परदेशच्या पैशावर येथे कर नाही, असा समज पसरतो. तो साफ चुकीचा आहे. भारतातील निवासी माणसाच्या जगभरच्या उत्पन्नावर येथे कर आहे. मालक तो कापीत नाही, म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या मुदतींत आगाऊ कर सामान्यतः स्वतःच भरावा लागतो, चुकल्यास व्याज. कर बुडविणाऱ्याची तरफदारी आम्ही करणार नाही. सरकारी दवाखाने त्याच पैशावर चालतात.

पण या व्यवहारातून सुटतो कोण? भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा नाही, उपदान नाही. आणि येथे कायमचे ठाणे नसले की कंपनीच्या नफ्यावर सहसा येथे करही नाही. ही मुले चांगले कमावतात (सगळी नव्हे), म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांना परके मानू नये. करारातील शब्द न पाहता कामावर हुकमत कोणाची, हे पाहूनच कामगार ठरवावा, ही मागणी विडी कामगारांच्या शहरातूनच उठली पाहिजे.