खांद्याला खांदा

तांझानियाच्या दक्षिणेकडील उंच पठारावर इरिंगा हा प्रदेश आहे. मक्याची शेती, लाल मातीच्या वाटा आणि पावसाळ्यात जगापासून तुटणारी खेडी. या खेड्यांतील ल्युथरन चर्चची, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल परिसरातील चर्चशी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जोडी लावलेली आहे. तिकडची एक मंडळी, इकडची एक मंडळी. या उपक्रमाला नाव दिले तेही स्वाहिली : 'बेगा क्वा बेगा', म्हणजेच खांद्याला खांदा.

आफ्रिकेतील मिशनकार्य म्हटले की आपल्या वाचकांच्या मनात धर्मांतराचाच विषय येतो, आणि ते अकारण नाही. मात्र येथे धर्मांतराचा प्रश्नच उरलेला नाही. दोन्ही बाजू ख्रिस्तीच आहेत. तांझानियातील ल्युथरन चर्च तर आज अमेरिकेतील चर्चहून संख्येने मोठे आहे. तिकडे प्रार्थनामंदिरे ओस पडत आहेत, इकडे ती अपुरी पडत आहेत. असे असता दाता कोण आणि याचक कोण?

व्यवहारात पैसा एकाच दिशेने वाहतो. माध्यमिक शाळेतील मुलामुलींचे शुल्क, विहिरी, इलुला येथील रुग्णालयाला साहाय्य ही कामे खरी आहेत आणि त्यांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. पाहुणे येतात, गाव गात सामोरे जाते, कोंबडी वा बोकड भेट दिला जातो. ज्याच्या घरी वर्षाकाठी मोजक्याच वेळा मांस शिजते त्याने दिलेला बोकड हा धनादेशाहून लहान कसा म्हणावा? पण हिशेबाच्या वहीत धनादेशाची नोंद होते, बोकडाची होत नाही. अहवाल मागणारा नेहमी एकच असतो आणि अहवाल लिहिणाराही एकच. पैसा हा विकासाचा पाया नव्हे, असे ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ च्या अरुशा घोषणेत बजावले होते. ते स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते.

या भूमीची स्मृतीही तशी साधी नाही. १८९१ मध्ये येथील हेहे जमातीचा राजा म्क्वावा याच्या योद्ध्यांनी लुगालो येथे जर्मन फौज कापून काढली. सात वर्षे झुंजून, शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा त्याने १८९८ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याचे मस्तक जर्मनीला नेण्यात आले. ते परत करावे असे कलम १९१९ च्या व्हर्सायच्या तहात घालण्यात आले. प्रत्यक्षात कवटी परतली १९५४ साली. आज ती कालेंगा येथे आहे. ल्युथरन पंथ येथे रुजला तो त्याच जर्मन राजवटीच्या छत्राखाली. खांद्याला खांदा लावणाऱ्यांना हा इतिहास पाठीवर घेऊनच चालावे लागते.

कसोटीची वेळ आली ती २००९ मध्ये. मिनियापोलिस येथील अधिवेशनात अमेरिकेतील ल्युथरन चर्चने समलिंगी सहजीवन जगणाऱ्यांना धर्मगुरुपद खुले केले. जानेवारी २०१० मध्ये तांझानियाच्या बिशपांनी डोडोमा येथून निवेदन काढले : अशा संबंधांचे समर्थन करणाऱ्यांचा प्रभाव नको, पैसाही नको. २०१३ मध्ये इथिओपियातील मेकाने येसूस चर्चने तर अमेरिका आणि स्वीडन या दोन्हीकडील चर्चशी नाते तोडले. मूळ वादात कोणाची बाजू घ्यावी हा येथे विषय नाही. ज्याला आपण घेणारा समजत होतो त्याने पैसा नाकारला, हे महत्त्वाचे.

आपल्याकडेही शहरातील कुटुंबे वनवासी पाड्यावरच्या शाळेचा वर्षाचा खर्च उचलतात. त्या पाड्यावरील माणूस कधी त्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसतो का, आणि 'हे आम्हाला नको' असे म्हणण्याची मुभा त्याला आहे का, हे कार्यकर्त्यांनी पाहावयास हवे.

इरिंगा आणि सेंट पॉल यांचे नाते मात्र डोडोमाच्या निवेदनानंतरही तुटले नाही. मतभेद मिटले म्हणून नव्हे. इतक्या वर्षांत माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली होती म्हणून.