आखातातल्या कामगाराला वकील

संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये कामाचे तास रोज दोनने कमी होतात. रोजा असणाऱ्यालाही आणि नसणाऱ्यालाही. कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवू नये, भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करू नये, हेही तिथल्या २०२१च्या कामगार कायद्यात आहे. एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराकडून कोर्ट फी घेत नाहीत.

कायदा असा बाजूने असूनही खेड, महाड, श्रीवर्धनकडचे कितीतरी सुतार, ड्रायव्हर पगार थकला की मिळेल त्यावर तडजोड करून परत येतात. कोर्टाची भाषा अरबी. कागदांचे अधिकृत भाषांतर लागते, वकिलाची फी वेगळी. (उर्दू येणाऱ्याला अरबी अक्षरे वाचता येतात, कराराचा अर्थ लागत नाही. या भरवशावर सही करणे महागात पडते.)

मदत नाही असे नाही. 'ईसीआर' पासपोर्टवर नोकरीला जाणाऱ्यास प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. दहा लाखांचे अपघाती संरक्षण बऱ्याच जणांना माहीत असते. परदेशी नोकरीसंबंधीच्या कोर्टकामासाठी ४५ हजारांपर्यंत खर्च मिळतो, ती ओळ मात्र वाचायची राहून जाते. गरजूंच्या कायदेशीर मदतीसाठी भारतीय दूतावासांकडे २००९पासून कल्याण निधीही आहे. एजंट हे कशाला सांगेल? नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढेच घेता येतात, हेही तो सांगत नाही.

अशा वेळी खरी ताकद घरी असलेल्या बाईच्या हातात असते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फसवणाऱ्या एजंटाविरुद्ध ती इथेच, तालुक्याच्या कोर्टात उभी राहू शकते. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या घोकत आलो. त्या म्हणीवर लबाड एजंटांची घरे उभी राहिली.

करार, व्हिसा, विमा आणि एजंटाची पावती यांच्या प्रती निघण्याआधीच घरी ठेवल्या, तर तिचे अर्धे काम होते. उरलेले समाजाने उचलावे. जकातीच्या हकदारांत कर्जदार आहे, मुसाफिरही आहे. कर्ज काढून गेलेला आणि पगाराविना परमुलखात अडकलेला माणूस दोन्ही आहे. एखाद्या जमातीने यंदा त्यातून भाषांतराचा खर्च केला तर बिघडणार नाही. केरळने 'नोर्का'मार्फत आखातात कायदेशीर मदतीची सोय केली. कोकणातल्या तालुका विधी सेवा समित्यांनी निदान आठवड्यातला एक दिवस या कुटुंबांसाठी राखावा. तिथे तोंडी विनंतीही चालते. अर्ज लिहिता येत नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. १५१०० या क्रमांकावर फोनवरूनही चौकशी करता येते.