सर्व्हर कुणाच्या नावावर?

आमच्या लेखक-वाचक मंडळींची गेल्या रविवारी बैठक झाली. संकेतस्थळ पुन्हा सुरू करायचे ठरले आहे, तेव्हा होस्टिंग कुणाकडून घ्यायचे आणि कोणता प्लॅन घ्यायचा, एवढाच विषय होता. दोन तास चर्चा झाली. स्वस्त कोण देतो आणि किती जीबी जागा मिळते, यातच ती संपली. मला विचारायचा होता तो प्रश्न राहून गेला, म्हणून इथे लिहितो.

आपले पहिले संकेतस्थळ का बुडाले? कुणी हॅक केले नव्हते, कुणी बंदीही घातली नव्हती. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही एका उत्साही तरुणाच्या खासगी ईमेलवर घेतलेले होते. तो नोकरीसाठी आखातात गेला. जुना ईमेल उघडणे सुटले आणि नूतनीकरणाच्या सूचना तिथेच पडून राहिल्या. डॉट कॉम नावाची मुदत संपून ते रद्द झाले, तरी जादा शुल्क भरून सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात. आम्हाला कळले तोवर तेही उलटून गेले होते. मी त्या तरुणाला दोष देत नाही. तीन वर्षे त्याने खिशातून पैसे भरले आणि आम्ही कुणी साधी विचारपूसही केली नाही.

त्यात काय गेले? मराठवाड्यातल्या एका दादींनी 1948 च्या पोलिस कारवाईच्या आठवणी सांगितल्या होत्या. आमच्या एका सहकाऱ्याने तीन बैठकांत त्या ऐकून थेट संकेतस्थळावरच टंकल्या. वेगळी प्रत ठेवली नाही. दादी आता हयात नाहीत. ज्या विषयावर आपल्या घरांत आवाज खाली करून बोलतात, त्यावरचा एक साक्षीचा कागद आपल्याच हलगर्जीपणाने गेला.

आता जागेचा हिशेब पाहा. संगणकात देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साधारण 3 बाइट घेते. दीड हजार शब्दांचा लेख म्हणजे फार तर 30 केबी. असे हजार लेख 30 एमबीत मावतात. मोबाइलवरच्या सात-आठ फोटोंना एवढी जागा लागते. मग ‘अनलिमिटेड’ची जाहिरात पाहून आपण का भुलावे? शिवाय पहिल्या वर्षाचा भाव आणि नूतनीकरणाचा भाव यांत बरेचदा कितीतरी पटींचा फरक असतो. बारीक अक्षरांतला तो दुसरा आकडा आधी वाचावा.

कुणी म्हणाले, व्हीपीएस घेऊ, म्हणजे आपला स्वतःचा सर्व्हर. त्यात मेमरी आणि प्रोसेसरचा वाटा राखीव मिळतो, हे खरे. पण अनेक ठिकाणी तो अद्ययावत ठेवणे, सुरक्षेची दारे-खिडक्या लावणे हे घेणाऱ्याचेच काम असते. आपल्यात ते रोज पाहणारा कुणी नाही. आपल्या वाचकसंख्येला साधे शेअर्ड होस्टिंग पुरते. सर्व्हर मुंबईतला मिळाला तर उत्तम. लातूरचा वाचक आणि दुबईचा वाचक, दोघांनाही तो सोयीचा.

दुसरे कुणी म्हणाले, पैसे कशाला, फुकटच्या जागेवर टाकू. जिओसिटीज 2009 मध्ये बंद झाले, ऑर्कुट 2014 मध्ये. लोकांनी तिथे वर्षानुवर्षे लिहिले होते. घरमालकाने घर पाडायचे ठरवले तेव्हा भाडेकरूंचे मत कुणी विचारले नाही.

पैसे भरूनही गाफील राहता येत नाही. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांची बॅकअप प्रतही त्याच आवारात होती, त्यांतल्या अनेकांचे सगळेच गेले. हजरत उस्मान यांनी कुरआनच्या प्रती तयार करवून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एका ठिकाणी काही झाले तर दुसरीकडे राहावे, ही समज आपल्या परंपरेतच आहे. मग महिन्याला एक प्रत पुण्यात आणि एक सोलापुरात ठेवायला आपल्याला जड का जावे?

आता माझा मूळ प्रश्न. हे सारे कुणाच्या नावावर असणार? वक्फच्या जमिनी कुणाकुणाच्या नावावर चढल्या, यावर आपण तावातावाने बोलतो. मुतवल्ली हा व्यवस्थापक असतो, मालक नव्हे, हे इतरांना ऐकवतो. आपल्या शब्दांच्या बाबतीत मात्र कोण मुतवल्ली आणि कोण मालक, हे आपण कधी लिहूनच ठेवले नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरे बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. विश्वासातल्या माणसाशी कागद कसला, हा आपला संकोच तिथे चालत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत प्लॅन निवडण्याआधी चार ओळींचा कागद करावा. डोमेन संस्थेच्या नावावर. ईमेल संस्थेचा, आणि त्याचा पासवर्ड तिघांकडे. त्यांत एक तरी बहीण असावी. वर्गणी आधीच जमा करून शक्य तितक्या वर्षांचे पैसे एकदम भरलेले. प्रती दोन शहरांत, आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहिलेल्या.

कंपनी कोणतीही घ्या, माझी हरकत नाही. दादींची अमानत आपण एकदा हरवली आहे. दुसऱ्या कुणा दादीसमोर वही घेऊन बसण्याआधी हा कागद व्हायला हवा.