मुखवटा कोणासाठीं?

दिवाळीच्या आधीं आमच्या घरीं एका खरेदीवरून जो खल झाला, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें आम्हीं योजिलें आहे. फ्रिज, धुलाईचें यंत्र आणि मोटार या तिन्ही वस्तु घेतांना मिळून जेवढी चर्चा झाली नव्हती, तेवढी या एकीवर झाली. आणि वस्तु तरी केवढी? दोन तळहातांवर मावेल एवढी. संगणकाला जोडून डोळ्यांवर चढवावयाची ती एक पेटी आहे. तिच्यांत दोन डोळ्यांसमोर दोन पडदे व दोन भिंगें असतात. डोकें फिरवावें तसें आंतलें दृश्यहि फिरतें, आणि पाहणारास आपण त्या दृश्याच्या आंतच उभे आहों असें वाटतें. बाजारांत तिला व्ही. आर. हेडसेट म्हणतात. घरांत वहिनींनीं पहिल्याच दिवशीं तिचें नांव 'मुखवटा' ठेविलें, तेंच रूढ झालें.

मागणी धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांची. वय २६, नोकरी चांगली, पैसा स्वतःच्या कमाईचा. तथापि मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वीं, मग ती कोणाचीहि असो, रात्रीच्या जेवणाच्या वेळीं सर्वांच्या कानांवर घालावी, अशी आमच्या घरची वहिवाट आहे. हल्लींच्या कित्येक तरुणांस असली वहिवाट जाचक वाटते. आमच्या पुतण्यास ती वाटते कीं नाहीं, हें आम्हीं त्यास कधीं विचारलेलें नाहीं. त्यानें ताटाशेजारीं एक कागद ठेविला. त्यावर तांबड्या शाईनें लिहिलें होतें : २८८० × २८८०. आमचे थोरले बंधु अण्णा चष्मा लावून म्हणाले, "हें काय, प्लॉटचें माप?"

तें माप पडद्याचें होतें. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचें बनलेलें असतें. टेबलावरचा पडदा हातभर दूर असतो म्हणून ते बिंदु डोळ्यांत भरत नाहींत. पण पडदा भिंगाआड अगदीं डोळ्याशीं आणला कीं तेच बिंदु मच्छरदाणीच्या जाळीसारखे दिसूं लागतात. दोन डोळ्यांस दोन निराळीं चित्रें दाखवून खोलपणाचा भास उत्पन्न करण्याची युक्ति कांहीं आजची नव्हे. चार्ल्स व्हीट्स्टन यानें ती १८३८ सालीं मांडली, आणि ब्रूस्टरची भिंगांची पेटी १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिली. तसली पेटी आणि तिच्यांत घालावयाचीं जोडचित्रें कांहीं जुन्या घरांतून अजूनहि सांपडतात. १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यानें डोक्याबरोबर दृश्य फिरविणारें यंत्र सिद्ध केलें, तें डोक्यास एवढें अवजड कीं छतास टांगावें लागे. घरच्या संगणकास जोडावयाचा चालू पिढीचा मुखवटा 'ऑक्युलस रिफ्ट' या नांवानें २०१६ सालीं विक्रीस आला. त्यांत दर डोळ्यास १०८० × १२०० बिंदु होते.

येथें पुतण्यानें एक गोष्ट सांगितली ती आम्हांस पटली. पडद्यावर एकूण बिंदु किती, हा प्रश्न खरा नव्हे. दृष्टीच्या एका अंशांत किती बिंदु येतात, हा खरा प्रश्न. निरोगी डोळ्यास एका अंशांतले सुमारें ६० बिंदु वेगवेगळे ओळखतां येतात. २०१६ च्या मुखवट्यांत ते १२-१३ होते. २०२३ सालीं आलेल्या 'मेटा क्वेस्ट ३' मध्यें ते सुमारें २५ आहेत, आणि ज्याचें माप तांबड्या शाईनें लिहिलें होतें त्या 'पायमॅक्स क्रिस्टल लाइट' मध्यें सुमारें ३५. म्हणजे नेत्रवैद्याचा अक्षरांचा तक्ता या दोहोंपैकीं कोणत्याहि मुखवट्यांत दाखविला, तरी तळच्या ओळी वाचतां यावयाच्या नाहींत. मात्र पहिल्यापेक्षां दुसऱ्यांत एखादी ओळ अधिक लागेल.

"आणि ती एक ओळ वाचून तुला काय करावयाचें आहे?" वहिनींनीं विचारलें.

त्यास विमान चालवावयाचें होतें. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' नांवाचा जो खेळ आहे, त्यांत वैमानिकाच्या समोरची सारी घड्याळें आणि कळा जशाच्या तशा मांडलेल्या असतात, आणि २०२० च्या डिसेंबरापासून तो मुखवटा घालूनहि खेळतां येतो. आजवर पुतण्या तो टेबलावरच्या पडद्यावर खेळत असे. उंची दाखविणाऱ्या घड्याळाचे आंकडे धूसर दिसले तर मुखवट्याचा उपयोग नाहीं, हें त्याचें म्हणणें बिनतोड होतें. वहिनींचेंहि तितकेंच बिनतोड होतें. त्या म्हणाल्या, "हें डोळ्यांवर चढविल्यावर घरांतून कोणी हांक मारली तर ओ कोण देणार?"

पहिल्या रात्रीं निर्णय झाला नाहीं. दुसऱ्या रात्रीं आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. २८८० ला २८८० नें गुणून दोन डोळ्यांची दुप्पट केली, तेव्हां बिंदु निघाले १ कोटी ६५ लाख ८८ हजार ८००. टेबलावरच्या साध्या १९२० × १०८० पडद्याचे बिंदु २० लाख ७३ हजार ६००. भागाकार करून पाहिला तों बाकी न उरतां बरोबर ८ आला. एका संगणकानें आठ पडदे एका वेळीं रंगवावयाचे, आणि तेहि सेकंदास ९० वेळां! शिवाय भिंगामुळें चित्र कडांस वांकतें, तो वांक काढून टाकण्यासाठीं पडद्याहून मोठें चित्र रंगवून मग तें आंवळावें लागतें, म्हणजे खरें काम आठपटीहूनहि अधिक. संगणक मागें पडला तर टेबलावर चित्र नुसतें अडखळतें. मुखवट्यांत तें अडखळलें कीं पोटांत ढवळतें, कारण कान म्हणतो आपण वळलों आणि डोळे म्हणतात अजून नाहीं. पुतण्याच्या संगणकांत १२ जी. बी. चें आर. टी. एक्स. ४०७० कार्ड होतें. तेवढ्यावर हा खेळ या मुखवट्यांत चालवावयाचा तर रंगरेषांची पुष्कळ काटछांट करावी लागेल, हें त्यानें आमच्या प्रश्नावरून कबूल केलें. जो मुखवटा घेण्यास निघाला आहे त्यानें आधीं कार्डाचा हिशेब मांडावा. कारण कांहीं दिवसांनीं दुसरी मागणी कार्डाची येते, आणि ती बहुधा पहिलीहून मोठी असते.

तिसऱ्या दिवशीं धाकट्या बंधूंनीं एक स्वस्त तोड काढली. 'एच. पी. रिव्हर्ब जी-२' हा २०२० चा मुखवटा, दर डोळ्यास २१६० × २१६० बिंदु, जुन्या बाजारांत फारच थोड्या पैशांत मिळत होता. आम्ही मान डोलावणार इतक्यांत पुतण्यानेंच हात वर केला. तो मुखवटा विंडोजमधील 'मिक्स्ड रिॲलिटी' या सोयीवर अवलंबून. मायक्रोसॉफ्टनें ती सोय बंद करीत असल्याचें २०२३ च्या डिसेंबरांत जाहीर केलें, आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तींतून ती काढून टाकली. ज्यांनीं संगणक अद्ययावत् केला, त्यांचा मुखवटा त्या दिवसापासून आंधळा झाला. पुढें २०२५ मध्यें 'ओॲसिस' नांवाचा एक प्रोग्राम निघाला व त्यानें हे मुखवटे पुन्हां चालूं लागले, पण एनव्हिडिआचें कार्ड असेल तरच. आमच्या आजीचा पितळी बंब साठ वर्षें चालला, आणि गळूं लागला तेव्हां कल्हईवाल्यानें त्यास डाग दिला. ही वस्तु मोडत नाहीं, झिजत नाहीं; पण हजारों मैलांवरील कोणी एकानें ठरविलें कीं ती निकामी होते. म्हणून अशा वस्तूच्या खरेदींत बिंदु किती याच्या आधीं, ती कोणाच्या मर्जीवर चालते, हें विचारावें असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

आणखी एक मुखवटा त्या कागदावर होता, आणि खरा पेच त्यानेंच घातला. 'बिगस्क्रीन बियाँड', २०२३ सालचा; २५६० × २५६० बिंदु, आणि वजन अवघें १२७ ग्रॅम. इतर मुखवटे अर्धा किलो ते पाऊण किलोच्या पुढें असतांना हा फुलासारखा. पण त्याची गादी घेणाराच्या चेहऱ्याचें माप घेऊन बनवितात, आणि दोन भिंगांमधलें अंतरहि त्याच माणसाच्या बाहुल्यांमधल्या अंतरानुसार कायमचें बसवितात. २०२५ च्या दुसऱ्या आवृत्तींत भिंगें हलवितां येतात हें खरें. तरी मूळ कल्पना एका माणसाची. चष्मा लावून तो घालतां येत नाहीं. नंबराचीं भिंगें वेगळीं करून घ्यावीं लागतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दांतांच्या कवळीसारखेंच कीं. ज्याची त्यानें घालावी." सर्व हंसले. पुतण्या हंसला नाहीं.

तेव्हां अण्णांनीं विचारलें, "तुला विमानच कां रे?"

त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. धाकटे बंधु ताटाकडे पाहत म्हणाले कीं, बारावीनंतर वैमानिकाच्या शिक्षणासाठीं त्याची वैद्यकीय तपासणी झाली होती, ती आपल्यास आठवत असेल. आम्हांस आठवली. तांबडा आणि हिरवा यांतला भेद त्यास नीट कळत नाहीं, असें त्या तपासणींत निघालें होतें. त्या वेळीं घरांत दोन दिवस हळहळ झाली. मग अभियांत्रिकीचा प्रवेश झाला, पेढे वांटले गेले आणि आम्ही सारे तें विसरलों. तो विसरला नव्हता. आठ वर्षें ज्या खेळास आम्ही रात्रीचें जागरण म्हणून नांवें ठेवीत होतों, तो त्याच्या लेखीं खेळ नव्हताच.

यानंतर 'घेऊं नकोस' म्हणण्यास कोणाची जीभ वळेना. प्रश्न उरला कोणता, एवढाच. पुतण्यानें एका मित्राचा क्वेस्ट ३ रविवारपुरता मागून आणला, हें फार चांगलें केलें. डोळ्यांवर न चढवितां असली वस्तु कोणीं घेऊं नये. त्याचें वजन ५१५ ग्रॅम, क्रिस्टल लाइटचें सुमारें आठशें. तीनशें ग्रॅमांत काय आहे असें वाटेल. पण तें ओझें नाकापुढें लोंबतें आणि मानेस तासाभरांत कळतें. क्वेस्टला चित्र आंवळून पाठवावें लागतें म्हणून कांहीं बारकावा वाटेंत सांडतो. क्रिस्टल लाइट संगणकाच्या डिस्प्ले पोर्टमधून तें सबंध घेतो. पुतण्यानें मुखवटा चढवून घड्याळें वाचून पाहिलीं. उंचीचें, वेगाचें सहज वाचतां आलें. बारीक अक्षरांसाठीं मात्र थोडें पुढें वांकावें लागे. मग तो घरांत फिरला. चाक फिरवून भिंगांचें अंतर बदलतां येई, कड पुढें ओढून चष्म्यास जागा करतां येई, त्यामुळें ज्यानें त्यानें आपल्या डोळ्यांजोगा तो करून घेतला. दहाव्या मिनिटास आम्हांस घाम फुटला व आम्हीं तो काढून ठेविला, हेंहि नमूद करतों.

शेवटीं क्वेस्ट ३ घेतला. पुतण्यानें स्वतःच तसें सुचविलें आणि आम्हीं तें आनंदानें मान्य केलें. त्या आनंदाविषयीं आमचें मन अद्यापि पुरतें निःशंक नाहीं. पैसा त्याचा, डोळे त्याचे, आणि हुकलेलें विमानहि त्याचेंच; एका अंशांतले ३५ बिंदु त्यास परवडत होते, त्यांचे त्यानें २५ केले, ते कार्डासाठीं कीं आमच्यासाठीं? विचारलें तर तो कार्डाचेंच नांव सांगेल.

ज्यांच्या घरीं हा मुखवटा येणार असेल त्यांनीं तो खिडकीशीं किंवा गच्चींत उघडा ठेवूं नये. भिंगांतून ऊन आंत गेलें कीं एका ठिकाणीं एकवटून पडद्यास कायमचा डाग पाडतें. मेटा कंपनीनें आपल्या मुखवट्यास दहा वर्षांची वयोमर्यादा ठेविली आहे. मुलांच्या बाहुल्यांमधलें अंतर कमी असल्यानें त्यांस चित्र नीट जुळतहि नाहीं. आमच्याकडे लहानांनीं पुष्कळ रडून पाहिलें. मुखवटा सध्यां कपाटांत वरच्या फळीवर आहे.

गेल्या रविवारीं दुपारीं अण्णांनीं तो मागितला. त्यांचें बाळपण आंजर्ल्यास गेलेलें. पुतण्यानें विमान हर्णैच्या समुद्रावर आणून ठेविलें आणि स्वतः शेजारीं बसून टेबलावरच्या पडद्यावर पाहत तें चालवूं लागला. सुवर्णदुर्ग गेला, खाडीचें तोंड आलें. हा खेळ उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन उभी करतो, म्हणून डोंगर, खाडी, पुळण सारें जागच्या जागीं. घरें मात्र यंत्रानें आपल्या अकलेनें बांधलेलीं. कौलारू घरांच्या जागीं कोणत्या मुलुखाचीं कोण जाणे घरें उभीं होतीं. अण्णा त्यांवर चिडले. मग त्यांनीं विमान जरा खालीं घेण्यास सांगितलें, आणि पुतण्यानें तें इतक्या सांवकाश वळविलें कीं टेबलावरील पेला देखील हलला नसता. "तें बघ," अण्णा म्हणाले, "तें आमचें आगर. विहीर त्या बाजूस." आणि त्यांनीं हात लांब करून बोट दाखविलें. खोलींत त्या बाजूस वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या एक पाऊल मागें सरल्या.